पाण्यानं ऐकलेली नावं

त्या वर्षी चैत्र लागण्याआधीच शेलूकडच्या वीटभट्टीवर अवकाळी पाऊस कोसळला आणि उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या विटांची एका रात्रीत पुन्हा माती झाली. सकाळी रोहिणी झोपडीबाहेर आली तेव्हा काल जिथे विटांच्या सरळ रांगा होत्या, तिथे घोटाभर लाल चिखल पसरला होता. तिचा सासरा पदू त्या चिखलाच्या कडेला उकिडवा बसला होता, मयताच्या घरी बसावं तसा. पुढच्या आठवड्यात पाऊस पुन्हा आला. भट्टीवाल्याने हात वर केले, माणसांनी भांडीकुंडी बांधली. वैशाख संपेपर्यंत पुरणारं काम होळीच्या राखेबरोबरच निवलं आणि पदूचं घर, म्हणजे तो, त्याची बायको आवडी, मुलगा जगदीश आणि सून रोहिणी, टेंपोच्या हौद्यात पाय दुमडून बसलं आणि खालापूरच्या बाजूला, धरणाच्या काठी असलेल्या आपल्या वाडीत परत आलं.

वाडीत परतायला सगळ्यांनाच आवडे, पण वेळेवर. अवेळी परतलेल्या माणसाला आपलंच घर परकं वाटतं. कणगी रिकामी होती, कुडाला वाळवी लागली होती, करवंदं अजून हिरवी कच्ची होती आणि शेतावरच्या मजुरीला पाऊस पडेपर्यंत कुणी विचारणार नव्हतं. राहता राहिलं ते धरण.

धरणातला मासा दिवसा गावत नाही. उन्हात नायलॉनचा दोरा पाण्यात चमकतो आणि मासा तो ओळखतो. म्हणून दिवस बुडताना जाळं लावायचं आणि रात्रीतून एकदा तरी जाऊन ते चाचपायचं. कारण लागलेला मासा तसाच सोडला, तर सकाळपर्यंत खेकडी आणि कासवं त्याचा काटा तेवढा ठेवतात. वाडीतले पुरुष हे काम ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून करत. पाय पाण्यात, जाळं मांडीवर, डोक्याला बांधलेली बॅटरी. जगदीशकडे मात्र बोट होती आणि त्या बोटीवरून वाडी हसत होती.

ती बोट म्हणजे कर्जतच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमधला जुना फायबरचा हंस होता. पाहुण्यांनी शेजारीशेजारी बसायचं आणि सायकलसारखे पाय मारत तळ्यात फिरायचं, अशी त्याची रचना. मान तडकल्यावर मालकाने तो कुंपणाबाहेर टाकून दिला होता. जगदीशने तिथे गवत काढायचं काम केलं होतं. त्याने विचारलं आणि मालकाने ने म्हणून सांगितलं. वाडीत आणल्यावर पदूने करवतीने ती लोंबती मान कापून टाकली. तेव्हापासून हिरूने त्या बोटीचं नाव कोंबडी ठेवलं. हिरू हा वाडीतला सडाफटिंग, एकटा राहणारा, एकटाच ट्यूबवर जाणारा आणि सगळ्यांत जास्त मासे आणणारा माणूस. संध्याकाळी काठावर जगदीश दिसला की तो न चुकता विचारायचा, कोंबडी अंड्यावर आली का रं. बाकीचे हसायचे. जगदीशही हसायचा, पण घरी आल्यावर त्याचं जेवणात लक्ष नसे.

हंसाबरोबर दोन लाइफ जॅकेटंही आली होती. नारिंगी, उन्हाने विटलेली, कुबट वास येणारी. ती अंगात घालायचं जगदीशच्या मनातही आलं नव्हतं. रिसॉर्टमध्ये त्याने पाहिलं होतं, मुंबईचे जाडजूड पाहुणे हात वर करून उभे राहत आणि नोकर त्यांना ते जॅकेट बांधत, लहान पोराला कुंची बांधावी तसं. वाडीतलं पोर चालायच्या आधी पोहायला लागतं. ज्याला पोहता येतं त्याने असलं काही अंगावर घेतलं, तर उद्या त्याला तोंड कुठे दाखवायचं?

रोहिणीला पोहता येत नव्हतं. तिचं माहेर पोशीरच्याही पलीकडे, डोंगराच्या पदरात. तिथे पाणी म्हणजे कपारीतून थेंबथेंब गळणारा झरा आणि त्याच्याखाली रात्रभर ठेवलेला हंडा. लग्न होऊन ती या वाडीत आली आणि एवढं पाणी एका जागी निमूट पडलेलं पाहून तिला कसंसंच झालं. आधी ती म्हणायची की पाण्यात जाताना ते नारिंगी घालत जा. जगदीश म्हणायचा, तू वरची, तुला पाण्यातलं काय ठावं. यावर आवडीसुद्धा पदराआड हसली होती. मग रोहिणीने तो विषय सोडला. मात्र नवरा रात्री पाण्यावर असेपर्यंत तिचा डोळा लागत नसे. ती चुलीपुढे बसून राहायची, आणि अंगणात ओल्या पावलांचा आवाज आला की पटकन आडवी होऊन झोपेचं सोंग घ्यायची.

पदू सोबत जात होता तोवर निभावलं. पदू हंस हाकायचा, जगदीश जाळं बघायचा. पण एका सकाळी काठावरच्या शेवाळलेल्या दगडावरून पदूचा पाय सरकला आणि त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. जगदीश म्हणाला, मी एकटा जातो.

"रातच्या पाण्यात येकटा मानूस जात नाय," पदू म्हणाला.

"हिरू जातो की."

"हिरूची वाट बघायला कोन हाय? गेला तं मासं रडतील, सुटलो म्हून."

आवडीने तव्यावरची भाकरी परतायची सोडून मुलाकडे पाहिलं. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा रोहिणी म्हणाली, "मी जाते बरोबर. पाय मारायचं तं हाय. भट्टीवर चिखल तुडवला, त्याच्याहून काय जड हाय?"

कुणालाच दुसरं काही सुचेना, म्हणून ते ठरलं.

पहिल्या संध्याकाळी ती जॅकेट घालूनच काठावर आली. लुगड्यावर ते नारिंगी धूड, पुढे आवळलेले काळे पट्टे. हिरू ट्यूबमध्ये हवा भरत होता. त्याने मान वर केली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं की मुंबईची पाहुणी कुठे उतरली आहे. जगदीशचे कान लाल झाले. त्याने हळूच तिला ते काढायला सांगितलं.

"मला पवता येत नाय," रोहिणी म्हणाली. "मला कसली लाज?"

दुसरं जॅकेट घरीच राहिलं होतं. ते घाल म्हणून ती बोलली नाही. बोलून उपयोग नव्हता.

हंस पाण्यात ढकलताना पदू काठी टेकत टेकत आला होता. त्याने सुनेला पाण्याची रीत सांगितली. रात्री पाण्यावर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. पाणी ऐकतं. एकदा नाव कळलं की तेच नाव घेऊन ते माणसाला बोलावतं. बोलवायचं असेल तर कूक द्यायची, लांब, तोंडाशी हात धरून. काठावर मी शेकोटीशी आहे, मी उत्तर देईन. तुमची कूक आली की मला कळेल, तुम्ही आहात.

तसे काही दिवस गेले आणि बरे गेले. रोहिणीला पायांची लय सापडली. जाळं जवळ आलं की पाय थांबवायचे, नाहीतर खालच्या चक्रात दोरा गुंततो, हे तिला कळलं. चिलापी मुबलक मिळत होती, कधी एखादा कटला, कधी एखादी दांडगी मरळ. सकाळी आवडी पाटी डोक्यावर घेऊन खालापूरच्या नाक्यावर बसायची आणि उन्हं चढायच्या आत रिकामी होऊन परतायची. घरात तांदूळ आला, तेल आलं. रात्री लांबवर एक्सप्रेसवेवरच्या गाड्यांचे दिवे एकामागोमाग सरकत असत. ते बघत पाय मारताना रोहिणीला पाण्याचं भय जरा कमी वाटू लागलं. भय कमी झालं की माणूस बोलतो. ती दोघं हलक्या आवाजात भट्टीवरच्या गोष्टी बोलायची. घरात सासू-सासऱ्यांसमोर एवढं बोलणं होत नव्हतं.

त्या दिवशी दुपारपासून वारा होता आणि आभाळ भरून आलेलं होतं. पदू म्हणाला की आज राहू द्या. जगदीश म्हणाला की जाळं पाण्यात आहे, ते काय वाऱ्याला द्यायचं?

जाळ्याजवळ पोहोचले तेव्हा काळोख दाट झाला होता. जगदीशने जाळ्याचा दोर हातात घेतला, थोडं ओढलं, मासे काढले, पुन्हा ओढलं आणि दोर अडकला. धरण बांधलं तेव्हा बुडालेल्या झाडांची खोडं तळाशी अजून उभी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती जवळ येत. तो म्हणाला, खोडाला लागलंय, सुटेल. तो उभा राहिला. रोहिणी म्हणाली, बसून ओढ. तो उभाच राहिला, एक पाय हंसाच्या काठावर देऊन, आणि त्याने सगळं अंग मागे टाकून हिसका दिला.

दोर सुटला की निसटला, हे तिला कळलंच नाही. हंस एका अंगावर कलला, पाण्याचा लोट आत आला, आणि हंस पुन्हा सरळ झाला तेव्हा समोर कुणी नव्हतं. त्याच्या डोक्यावरची बॅटरी पाण्याखाली क्षणभर हिरवट दिसली आणि विझली.

पाण्यात पडलेला माणूस ओरडतो, असं रोहिणीला वाटत होतं. ओरडणं आलं नाही. कुठेतरी जवळच श्वासाचा, गुळण्या केल्यासारखा आवाज होता आणि वारा तो आवाज इकडून तिकडे हलवत होता. तिने तोंडाशी हात धरून कूक दिली. पाण्यातून उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते काठावरून, पदूचं, लांब आणि निवांत.

सीटखाली दुसरी बॅटरी होती. ती हाताला लागेपर्यंत तिच्या हातून मासे सांडले, कोयता आपटला. उजेड पाण्यावर फिरवताना तिला तो दिसला. हंस वाऱ्याने सरकला होता. जगदीश तिच्यापासून चांगलाच दूर राहिला होता. फक्त चेहरा वर होता, तोही सारखा नाही. खाली जायचा, वर यायचा. डोळे उघडे होते, पण ते उजेडाकडे बघत नव्हते.

"पाय," तो म्हणाला. एवढंच.

तिला समजलं. ज्यातून मासा सुटत नाही त्या दोऱ्यात त्याचा पाय होता, आणि दोऱ्याचं दुसरं टोक तळाच्या खोडाला. पोहणं येत असून काय उपयोग? तिचे पाय आपोआप चक्राकडे गेले आणि तिने ते मागे घेतले. हंस तिकडे नेला तर उरलेलं जाळं चक्रात जाईल आणि सगळंच त्याच्यावर आवळेल. उडी मारावी असंही एकदा मनात आलं. जॅकेटने ती तरंगली असती, पण त्याच्यापर्यंत गेली नसती. मग दोघांना शोधायला कुणीतरी लागलं असतं.

जाळ्याच्या टोकाला बांधायचा एक रिकामा तेलाचा कॅन बोटीत होता, बूच घट्ट लावलेला. हंस काठाला बांधायचा लांब दोर तिने त्याच्या कडीला बांधला. सुटू नये म्हणून गाठीवर गाठ मारली. पहिल्यांदा फेकला तो आखूड पडला. तिने तो दोराने ओढून घेतला. दुसऱ्यांदा तिने उभं न राहता, गुडघ्यांवर बसून, अंगणात पाण्याचा हंडा भिरकावून ओततात तसा तो दोन्ही हातांनी फेकला. तो त्याच्या तोंडासमोर पडला.

"धर," ती म्हणाली. "छातीशी धर. पाय मारू नको."

त्याने धरला. कॅन छातीखाली आला आणि चेहरा वर राहिला. पण वारा हंसाला ओढत होता, हंस दोराला, आणि दोर त्याला. तो कण्हला तशी तिने दोर सैल सोडला. आता तो तरंगत होता, ती तरंगत होती, आणि दोघांपैकी कुणालाच दुसऱ्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. पाणी गार होतं. त्याचे दात वाजल्याचं तिला ऐकू येत होतं. किती वेळ तो कॅन धरून राहील?

तिने पुन्हा कूक दिली. सगळा जीव त्या आवाजात घातला. काठावरून पदूने तितकीच लांब, तितकीच निवांत कूक परत दिली. शेकोटीचा ठिपका जागचा हलला नाही. आपण दोघं आहोत, एवढंच त्या म्हाताऱ्याला कळत होतं. कूक म्हणजे तेवढंच.

मग रोहिणीने नवऱ्याचं नाव घेतलं.

"जगदीऽऽश!"

ते नाव पाण्यावरून गेलं, समोरच्या टेकडीला लागलं आणि परत आलं. काठावरून उत्तर नाही. वाराही थांबल्यासारखा वाटला. मग शेकोटी एकदम मोठी झाली, पदूने पेंढ्याची पेंडीच आगीत टाकली असावी, आणि त्या उजेडात म्हाताऱ्याची आकृती एका पायावर उभी दिसली. त्याचा फाटका आवाज काळोखात घुमला, "हिरूऽऽ! आरं हिरूऽऽ! कोंबडीकडं जा रं, हिरूऽऽ!" तो थांबेना. हिरू धरणाच्या दुसऱ्या अंगाला कुठेतरी होता. त्याची बॅटरी दिसेपर्यंत पदू ते नाव घेतच राहिला.

रोहिणीने तोवर उजेड नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हलवला नाही. त्याचे डोळे मिटायला लागले की ती काहीतरी विचारायची. भट्टीवरच्या मुकादमाचं नाव काय होतं? टेंपोत कोण ओकलं होतं? सासूबाईंनी आज काय रांधलं? तो एकेक शब्द बोलायचा. एका प्रश्नाला तो म्हणाला, "गप की गं," आणि ते ऐकून तिला एवढं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हिरू ट्यूबवर पालथा पडून, हातांनी पाणी कापत आला. आल्याआल्या त्याने ट्यूब जगदीशच्या बगलेखाली सरकवली आणि कमरेचा चाकू काढला.

"हालू नको रं," तो म्हणाला. "पाय तुझा हाय का कटल्याचा, मला दिसत नाय."

तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला वर आला तेव्हा जगदीशचं अंग एकदम मोकळं होऊन ट्यूबवर पसरलं. हिरूने त्याला तसाच धरून हंसापर्यंत आणलं. वर घेताना हंस पुन्हा कलला, पण रोहिणी दुसऱ्या काठावर सगळं वजन टाकून बसली आणि तो सरळ राहिला.

काठावर पदू गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता, सुजलेल्या पायासकट. आवडीला कुणी बोलावलं नव्हतं; नाव ऐकूनच ती वाडीतून धावत आली होती. जगदीश वाळूवर पडला, पाणी ओकला आणि मग थंडीने वाकडातिकडा होत राहिला. आवडीने त्याला शेकोटीपाशी ओढून, लहानपणी करत असेल तसं, पदराने खसाखसा पुसलं. हिरूने काही थट्टा केली नाही. जाळं उद्या दिवसाउजेडी काढू, एवढं म्हणून तो आपली ट्यूब खांद्यावर टाकून निघून गेला.

रात्री सगळे निजल्यावर रोहिणी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून पडली. छाती वर जात होती, खाली येत होती. ती ते मोजत नव्हती, नुसती हाताने ऐकत होती. सोंग घ्यायची आज गरज नव्हती, तरीही झोप आली नाही. अंधारातून आवडी हळूच म्हणाली, "नाव घेतलंस तू."

"घेतलं, आत्या."

आवडीने कूस बदलली. हे बोल लावणं होतं की शाबासकी, रोहिणीला कळलं नाही.

सकाळी ओसरीवर माणसं जमली. जगदीशच्या घोट्याभोवती दोऱ्याचे बारीक लाल वळ उठले होते, कुणी नक्षी गोंदवावी तसे. लोक ते वाकून बघत होते. कुणीतरी म्हणालं की पोहणारा माणूस बुडायला लागला म्हणजे नवलच. दुसरा म्हणाला, नवल कसलं, कोंबडीवर बसल्यावर आणखी काय होणार? हसू झालं. हिरू खांबाला टेकून बसला होता. तो हसला नाही, पण तो हसत नाही हेच जगदीशला जास्त लागलं. ज्याने आपल्याला कोंबडीवाला म्हणावं त्यानेच आपल्याला बायकोसमोर पाण्यातून उचलून आणावं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बाईमानसाला बरोबर नेलं, म्हून झालं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्यापासनं मी येकटाच जानार."

चुलीपाशी रोहिणीच्या हातातली फुंकणी थांबली. अपमान तिला झोंबला, पण त्याहून मोठी होती ती भीती. तिला स्वच्छ दिसलं की हा जाणार. एकटा जाणार, काल जिथे पडला तिथेच जाणार, आणि पोहता येतं हे दाखवायला उघड्या अंगाने जाणार. काल दोराने बांधून ठेवता आला, उद्या कशाने बांधायचा?

पदूने पाय लांब करून बसल्या बसल्या तंबाखू मळली. चुना झटकला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "येकटा जा, नायतर धाजणांनी जा. पाण्याला तुजं नाव कळलं, आता पयल्यासारखं नाय."

पाण्यावर नाव घ्यायचं नाही, ही रीत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती.

"मंग आता?" एकाने विचारलं.

"आता काय. पानी हाक मारनार. हाक मारली का ह्यो जानार. म्हून ज्याचं नाव पाण्यानं आयकलंय त्यानं पाण्यात जाताना असं कायतरी आंगावर बांधायचं, का पाण्याला त्याला खाली नेताच येनार नाय." त्याने तंबाखूची चिमूट दाढेत धरली, विचार केल्यासारखं ओसरीभर बघितलं आणि खुंटीला टांगलेल्या ओल्या नारिंगी जॅकेटवर नजर ठेवली. "त्ये चालंल. त्येच्यातून पानी वढू शकत नाय. आनि बरोबर दुसरा मानूस पायजे, पाण्यानं हाक मारली तं आपली हाक मारायला. नायतर पाण्यात जायचं सोडून द्यायचं."

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने, असंच आहे, आपल्या आज्यानेही असंच सांगितलं होतं, असं म्हणून मान हलवली. जगदीशने बापाकडे पाहिलं, मग जॅकेटकडे.

"मला नाय असलं आवडत," तो म्हणाला, पण आवाजात मघाचा ताठा नव्हता.

"आवडायचं काय त्यात? रीत हाय," पदू म्हणाला.

रोहिणीने सासूकडे पाहिलं. इतकी वर्षं या घरात, या पाण्याकाठी राहिलेली आवडी, आणि असली रीत तिच्या तरी कानावर होती का? आवडीने पटकन चुलीवर वाकून जाळ सारखा केला. धूर नसताना तिने पदर तोंडाला लावला होता.

माणसं पांगल्यावर, जगदीश हंस धुवायला गेला तेव्हा, रोहिणीने पदूच्या गुडघ्यावर निर्गुडीचा पाला बांधता बांधता विचारलं, "मामा, खरंच आसं हाय?"

पदूने अंगणात तंबाखू थुंकली. "माज्या बानं नाव घेऊ नको यवडंच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "घ्यावं लागलं तं फुडं काय, त्ये नाय सांगितलं. कुनीतरी सांगाया पायजे." मग पाय आवरत म्हणाला, "घेतलंस त्ये बरं केलंस, पोरी. त्या कुकीवर मी रातभर कुकत बसलो असतो."

दुपारी हिरू आणि जगदीश जाऊन जाळं काढून आले. निम्मं जाळं खोडालाच राहिलं, उरलेलं भोकाभोकांचं; त्यात एक कटला अजून जिवंत होता. हिरू म्हणाला, हा तुमचा. जगदीश म्हणाला, अर्धा-अर्धा. त्यावरून त्यांची जराशी झटापट झाली, आणि शेवटी आवडीने तो मासा घेऊन दोघांनाही जेवायला बसवलं. जेवताना हिरू नेहमीसारखा बोलत नव्हता. हात धुतल्यावरही तो घरी गेला नाही. उंबऱ्यापाशी घुटमळत राहिला, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत.

"काका," तो शेवटी पदूला म्हणाला, "काल माजं नाव तुमी कितींदा घेतलंत?"

"कोन मोजतो."

"लई घेतलंत. पार पलीकडं आयकू येत व्हतं."

"मंग काय, तू लौकर यीना. घसा बसला माजा."

हिरूने पाण्याकडे पाहिलं. बाहेर ऊन कललं होतं. "त्ये नारिंगी," तो म्हणाला, "जोडी व्हती ना त्येची?"

जोडीतलं दुसरं जॅकेट पदूच्या गुडघ्याखाली होतं. आवडीने सूज उतरावी म्हणून त्याची उशी केली होती. पदूने सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, ते जॅकेट काढलं आणि झटकून हिरूच्या अंगावर टाकलं. हिरूला पट्टे कसे लावायचे ते कळेना. जगदीश उठला आणि त्याने ते त्याला बांधून दिलं, समोर उभं राहून, हनुवटीखालचा पट्टासुद्धा. बांधताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी काठावर माणसं होती, पण कुणी कोंबडीचं नाव काढलं नाही. दोघं हिरूचं जाळं लावायला निघाले, जगदीश हंसावर, हिरू त्याच्या शेजारी ट्यूबवर, दोघांमध्ये एक दोर सैल बांधलेला. मावळतीच्या उजेडात दोन नारिंगी पाठी लहान होत गेल्या आणि मग त्यांच्या जागी दोन बॅटऱ्या राहिल्या, कधी जवळ, कधी थोड्या लांब.

रोहिणी शेकोटीपाशी पदूजवळ बसली होती. आज कूक द्यायचं काम तिचं होतं. पदूचा घसा खरंच बसला होता. पहिली कूक आली, तिने उत्तर दिलं. दुसरी आली, तिने उत्तर दिलं. मग तिने पेंढ्यावर जरा पाठ टेकली, एवढ्यासाठीच की भट्टीवरून आल्यापासून तिची पाठ कधी सरळ झाली नव्हती. वर आभाळ मोकळं झालं होतं. एक्सप्रेसवेवरचे दिवे सरकत होते, आणि ते कधी दिसेनासे झाले, तिला कळलं नाही.

तिसरी कूक आली तेव्हा ती गाढ झोपेत होती, तोंड किंचित उघडं, हात पेंढ्यात पसरलेला. पदूने तिच्याकडे पाहिलं. मग तो पाण्याकडे वळला, तोंडाशी हात धरला आणि बसक्या घशाने उत्तर दिलं. पाण्यापलीकडे पोहोचेल एवढं मोठं, आणि सुनेची झोप मोडणार नाही एवढं हळू.